पाद्रीबाबांनी डोंगराचं टोक विकत घेतलं आणि त्यावर पत्र्याचा मनोरा उभा केला, त्याची ही गोष्ट

चाळीतली एक खोली किती मोठी असते? साधारण एकशे साठ-सत्तर चौरस फूट. १८९५ साली युरोपातल्या एका छोट्या गावच्या पाद्रीबाबांनी जवळपास तेवढीच जागा विकत घेतली. १६ चौरस मीटर. पैसे किती मोजले? तिथे आजही सांगतात, एक गोल्डिनार. म्हणजे त्या काळचं ऑस्ट्रियन साम्राज्यातलं एक नाणं.

व्यवहार स्वस्तातला वाटतो ना? पण ही जागा होती समुद्रसपाटीपासून २८६४ मीटर उंचीवर. तिथे ना पाणी, ना झाड, ना माती. नुसता खडक आणि वारा. वर्षातले कितीतरी महिने त्यावर बर्फ.

ही जागा म्हणजे त्रिग्लाव या पर्वताचं टोक. आज तो स्लोव्हेनिया या देशातला सगळ्यात उंच डोंगर आहे. आणि ते टोक विकत घेणारे गृहस्थ म्हणजे याकोब आल्याझ. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही, पण स्लोव्हेनियात शाळेतल्या पोरालाही ते माहीत असतं.

प्रश्न असा आहे की, रविवारी चर्चमध्ये प्रार्थना घेणाऱ्या माणसाला डोंगराचं टोक विकत घ्यायची गरज का पडली?

आधी डोंगर समजून घेऊ

आल्प्स पर्वत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्वित्झर्लंड येतं. पण ही रांग पूर्वेला बरीच लांब जाते. तिच्या आग्नेय टोकाला ज्युलियन आल्प्स नावाचा भाग आहे. चुनखडीचे उभे कडे, खोल दऱ्या, सुळक्यासारखी शिखरं. स्वित्झर्लंडपेक्षा उंची कमी, पण चढायला सोपा बिलकुल नाही.

या भागाचा राजा म्हणजे त्रिग्लाव. स्लोव्हेनियन भाषेत या नावाचा अर्थ तीन डोकी असलेला. यातलं 'त्रि' आपल्याला ओळखीचं वाटतं, आणि तो योगायोग नाही. स्लोव्हेनियन आणि मराठी या दोन्ही भाषा इंडो-युरोपियन कुळातल्या. त्यामुळे तीनचा आकडा दोन्हीकडे एकाच मुळातून आलाय.

त्रिग्लाववर पहिल्यांदा माणूस पोहोचल्याची नोंद १७७८ सालची आहे. बोहिन्य भागातल्या चार जणांनी तो चढला. झिगा झोइस या श्रीमंत आणि अभ्यासू उमरावाने त्यामागे पाठबळ उभं केलं होतं. माँ ब्लाँ हे आल्प्समधलं सगळ्यात उंच शिखर सर झालं १७८६ साली. म्हणजे त्रिग्लाव त्याच्या आठ वर्षं आधी.

त्याची उत्तरेची भिंत तर बघतच राहावी अशी. खालच्या दरीतून जवळपास १००० मीटर सरळ वर गेलेला कातळ. या दरीचं नाव व्राता. अर्थ, दार. हे दार लक्षात ठेवा, कारण आपली बरीचशी गोष्ट इथेच घडते.

शेतकऱ्याच्या मुलखातून डोंगराच्या पायथ्याशी

याकोब आल्याझ यांचा जन्म ६ जुलै १८४५ चा. ल्युब्ल्याना शहराजवळ श्मार्ना गोरा नावाचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातला. तेव्हा स्लोव्हेनिया नावाचा देश नव्हता. हा सगळा मुलूख ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या ताब्यात होता.

शिक्षण झालं, धर्मगुरूची दीक्षा झाली, वेगवेगळ्या गावांत सेवा झाली. पण या सगळ्यात एक नाद कायम राहिला, संगीताचा. आल्याझ गाणी रचायचे, चाली लावायचे, गावोगावी गायकांचे गट उभे करायचे.

१८८९ साली त्यांची नेमणूक दोव्ये या गावी झाली. हे गाव उताराच्या उन्हाच्या बाजूला आहे. खाली नदी, पलीकडे मोयस्त्राना गाव आणि त्याच्या मागे व्राताची दरी त्रिग्लावकडे जाते. गावाजवळून १८७० पासून रेल्वे धावत होती, त्यामुळे शहरातून डोंगर चढायला येणारे लोक इथेच उतरायचे.

आल्याझ तेव्हा ४४ वर्षांचे होते. या वयात बरेच जण गुडघ्यांची काळजी करायला लागतात. आल्याझ मात्र डोंगरात रमले.

आणि डोंगरात त्यांना काय दिसलं?

डोंगरात फिरताना आल्याझ यांना एक गोष्ट खटकली. डोंगर आपला, चढताना वाट दाखवणारे वाटाडे आपल्या गावचे, सामान पाठीवर नेणारे हमाल आपल्या गावचे. पण वरच्या पाट्या जर्मन भाषेत. निवाऱ्यांची नावं जर्मन. तिथला कारभार जर्मन.

आता हा निवारा काय प्रकार आहे ते समजून घेऊ. आल्प्समध्ये एका दिवसात पायथ्यापासून शिखर गाठून परत येणं अनेक ठिकाणी जमत नाही. दुपारनंतर वीज-वादळ होतं, धुकं उतरतं, उन्हाळ्यातही हिमवर्षाव होऊ शकतो. म्हणून अर्ध्या वाटेवर मुक्कामाची जागा लागते. भिंती, छप्पर, शेगडी, झोपायला फळ्या आणि काहीतरी गरम खायला. अशा घराला आपण निवारा म्हणू. तो असेल तर डोंगर सामान्य माणसाच्या आवाक्यात येतो. नसेल तर हवामान बिघडल्यावर जिवावर बेततं.

त्रिग्लावच्या अंगावर १८७१ मध्ये स्थानिक लोकांनी एक छोटा निवारा बांधला होता, पण तो टिकला नाही. पुढे काम हातात घेतलं ते जर्मनभाषक संस्थांनी. १८८७ साली जर्मन आणि ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबच्या स्थानिक शाखेने डेशमान हाउस नावाचा निवारा उघडला. या संस्थांकडे पैसा होता, सभासद होते, अनुभव होता. त्यांनी केलेलं काम चांगलंच होतं, हे मान्य करायला हवं. त्यांनी वाटा बांधल्या आणि मुक्कामाची सोय केली.

पण जो वाट बांधतो तोच पाटी लावतो. आणि जो पाटी लावतो त्याच्या भाषेत डोंगराचं नाव नकाशावर जातं. राज्य नाही, सैन्य नाही, अशा छोट्या समाजासाठी ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्याकडे स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, भाषा. तीच डोंगरावरून पुसली जात होती.

१८९३ साली ल्युब्ल्यानामध्ये स्लोव्हेनियन गिर्यारोहण संस्था सुरू झाली. सभासद थोडे, तिजोरी त्याहून लहान. पण त्यांना दोव्येमध्ये एक खंदा माणूस मिळाला, याकोब आल्याझ.

भांडण नाही, खरेदीखत

आल्याझ यांनी विचार केला तो एकदम व्यवहारी. भाषणं करून डोंगर आपला होणार नाही, कागद हवा. त्रिग्लावचं टोक त्यांच्याच गावच्या हद्दीत येत होतं. म्हणजे ते विकायचा अधिकार गावाला. मग त्यांनी गावाकडेच मागणी घातली.

गावकऱ्यांच्या दृष्टीने त्या खडकाची किंमत शून्य. तिथे गाय चरत नाही, गवत उगवत नाही. त्यामुळे सौदा जमला. टोकावरची १६ चौरस मीटर जागा पाद्रीबाबांच्या नावावर झाली. टोकाखालच्या क्रेदारित्सा नावाच्या खिंडीजवळची जागाही त्यांनी मिळवली. ती कशासाठी, ते पुढे येतंय.

आता टोक आपलं झालं. पण रिकाम्या खडकावर मालकी दिसणार कशी?

आल्याझ यांनी स्वतःच एका मनोऱ्याचं चित्र काढलं. गोल, डब्यासारखा, धातूच्या पत्र्याचा, वर टोकदार छप्पर आणि त्यावर झेंड्याच्या आकाराचा पत्रा. व्यास सव्वा मीटर, उंची १ मीटर ९० सेंटिमीटर. फार मोठा नाही, पण वादळात काही माणसं दाटीवाटीने आत उभी राहू शकतील इतका. ल्युब्ल्यानाजवळच्या शेंटविद गावचे आंतोन बेलेत्स हे पत्र्याचं काम करणारे कारागीर. त्यांनी मनोरा सुट्या भागांत तयार केला.

मग हे भाग माणसांच्या पाठीवरून वर गेले. रस्ता नाही, खेचर टोकापर्यंत जाऊ शकत नाही. शेवटचा टप्पा म्हणजे दोन्ही बाजूंना खोल दरी असलेली धार. तिथून पत्र्याचे तुकडे नेणारे हमाल डोळ्यांसमोर आणा.

७ ऑगस्ट १८९५ रोजी बेलेत्स आणि त्यांच्या मदतनीसांनी पाचेक तासांत मनोरा उभा केला. आत बसायची सोय, येणाऱ्यांनी नाव लिहायची वही आणि शिखरावरून दिसणाऱ्या डोंगररांगांचं चित्र. आल्याझ यांनी हा मनोरा नंतर गिर्यारोहण संस्थेच्या हवाली केला.

मग तक्रार झालीच

सगळ्यांना हे रुचणार नव्हतंच. आरोप झाला की, शिखरावर सरकारी जमीन मोजणीची खूण होती आणि पाद्रीबाबांनी ती नष्ट केली. हा आरोप गंभीर होता. त्या काळात नकाशे बनवताना उंच शिखरांवरच्या खुणांवरून कोन मोजत, त्यातून अंतरं काढत. अशी खूण हलवणं म्हणजे सरकारी कामात ढवळाढवळ.

प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. पण जागा विकत घेतलेली, कागद पक्का. आल्याझ यातून सुटले. गंमत म्हणजे, लांबून स्पष्ट दिसतो म्हणून पुढे हा मनोराच मोजणीची खूण म्हणून वापरात आला.

इथे आल्याझ यांचा स्वभाव कळतो. त्यांनी कुणाची पाटी उखडली नाही, कुणाचा निवारा बंद पाडला नाही. समोरच्याने दहा कामं केली असतील तर आपण अकरावं करून दाखवायचं, हा त्यांचा मार्ग.

खरं काम तर मनोऱ्याच्या खाली होतं

मनोऱ्याचा फोटो सगळे काढतात. पण आल्याझ यांचं मोठं काम कोणतं म्हणाल, तर क्रेदारित्साचा निवारा.

थोडा हिशेब बघा. व्राताच्या दरीतला तळ साधारण १०१५ मीटरवर. शिखर २८६४ मीटरवर. म्हणजे एका दमात साडेअठराशे मीटरची चढाई, तीही कड्याच्या अंगाने. मध्ये थांबायला जागा नसेल तर हे फक्त तगड्या माणसाचं काम. आल्याझ यांनी जागा निवडली ती बरोबर हेरून. क्रेदारित्सा २५१५ मीटरवर आहे. तिथून टोक जेमतेम ३५० मीटर वर. रात्री तिथे झोपायचं, पहाटे हवा स्वच्छ असताना धारेवरून शिखर गाठायचं आणि दुपारच्या वादळाआधी खाली उतरायचं. आजही बहुतेक लोक त्रिग्लाव असाच चढतात.

ऑगस्ट १८९६ मध्ये क्रेदारित्साचा निवारा सुरू झाला. शेजारी एक छोटं प्रार्थनाघरही उभं राहिलं, कारण शेवटी बांधणारे पाद्रीबाबा होते. त्याच वर्षी खाली व्राताच्या दरीतही एक निवारा झाला. म्हणजे पायथ्याला एक मुक्काम, टोकाखाली दुसरा आणि टोकावर वादळात आडोसा देणारा मनोरा. अख्ख्या चढाईची साखळी दीडेक वर्षात तयार.

पण ती जोडायला वाटा हव्या होत्या. व्रातामधून वर जाणाऱ्या एका वाटेचं नाव आहे प्राग. अर्थ, उंबरठा. दारातून आत आलं की उंबरठा लागतो, तसं दरीतून वर आलं की वाटेत खडकाची उभी पायरी लागते. दुसरी वाट १९०३ साली खुली झाली, तोमिन्शेक वाट. गिर्यारोहण संस्थेच्या फ्रान तोमिन्शेक यांच्या नावाची. अशा वाटा म्हणजे कड्यात ठोकलेल्या लोखंडी खुंट्या, हाताने धरायला वायर रोप आणि जिथे पाय ठेवायला जागाच नाही तिथे छिन्नीने कोरलेल्या खाचा.

समोरची बाजूही गप्प बसली नाही. १९१० मध्ये जर्मन क्लबने लुक्न्या खिंडीतून शिखराकडे जाणारी बांबेर्ग वाट तयार केली. दोन संस्थांची चढाओढ चालली होती, पण फायदा चढणाऱ्याचा झाला. आज त्रिग्लाववर जाणारा माणूस या सगळ्याच वाटा वापरतो. कोणती खुंटी कुणी ठोकली हे कुणी विचारत नाही.

डोंगराने परीक्षाही घेतली

आल्प्समध्ये घर बांधायचं म्हणजे निसर्गाशी रोजचा व्यवहार. व्राताचा निवारा वाढवून १९०४ मध्ये मोठा केला होता. १९०९ साली हिमस्खलन झालं आणि तो उद्ध्वस्त झाला. वर्षभरात, १९१० मध्ये, नवी इमारत उभी राहिली. ती आजही आल्याझ यांच्या नावाने ओळखली जाते.

दुसरी अडचण पाण्याची. वर बर्फ एवढा, मग पाण्याची टंचाई कशी? कारण चुनखडीचा डोंगर. पाऊस पडतो, बर्फ वितळतो आणि पाणी खडकातल्या भेगांतून थेट पोटात जातं. उंचावरच्या निवाऱ्यांना पाऊस आणि बर्फाचं पाणी साठवूनच भागवावं लागतं. आजही क्रेदारित्साला पाणी जपूनच वापरतात.

मग आलं पहिलं महायुद्ध. ज्युलियन आल्प्सच्या पश्चिम भागात इटली आणि ऑस्ट्रियाच्या फौजा भिडल्या. युद्ध संपलं, साम्राज्य कोसळलं. स्लोव्हेनियन लोकांचा बराच भाग नव्या युगोस्लाव्ह राज्यात गेला, पण पश्चिमेकडचा मोठा मुलूख इटलीच्या ताब्यात गेला. आणि १९२० नंतर दोन देशांची सीमा गेली कुठून? बरोबर त्रिग्लावच्या टोकावरून.

विचार करा, ज्या माणसाने २५ वर्षांपूर्वी टोक विकत घेतलं होतं, त्याच्या हयातीतच त्यावरून आंतरराष्ट्रीय सीमा गेली. खरेदीखत काही सीमा रोखू शकत नाही. पण मनोरा जागेवर उभा राहिला, आणि लोक येत राहिले.

जर्मन क्लबचं डेशमान हाउसही नव्या राज्यात स्लोव्हेनियन संस्थेकडे आलं. त्याला नाव मिळालं वालेंतिन स्तानिच यांचं. १८०८ मध्ये त्रिग्लाव चढलेले गिर्यारोहक, आणि तेही धर्मगुरूच.

शेवटची वर्षं

आल्याझ दोव्ये सोडून कुठे गेले नाहीत. प्लानिन्स्की वेस्त्निक हे गिर्यारोहणाचं मासिक १८९५ पासून निघत होतं. १९२० च्या दशकात त्यात त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. याच काळात, १९२२ साली, आलोयझ क्नाफेल्त्स यांनी डोंगरवाटांसाठी एक खूण ठरवली. पांढरा ठिपका आणि त्याभोवती लाल कडं. स्लोव्हेनियातल्या कोणत्याही डोंगरात जा, दगडावर, झाडावर हीच खूण दिसते. ती वाचायला कोणतीच भाषा यावी लागत नाही.

४ मे १९२७ रोजी आल्याझ यांचं दोव्येमध्ये निधन झालं. वय ८१. त्यातली ३८ वर्षं त्यांनी या एकाच गावात काढली. त्यांना तिथेच पुरलं. गावाजवळ त्यांचा पुतळा आहे. तो हात वर करून त्रिग्लावकडे बोट दाखवतो.

आज त्यांचं काय उरलंय?

स्लोव्हेनिया १९९१ साली स्वतंत्र झाला. त्याच्या राष्ट्रचिन्हावर आणि झेंड्यावर त्रिग्लाव आहे. आयुष्यात एकदा तरी त्रिग्लाव चढावा, असं तिथे मानलं जातं. मनोरा राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे. २०१८ मध्ये तो दुरुस्तीसाठी खाली आणून पुन्हा वर नेला. १८९५ मध्ये माणसांच्या पाठीवरून गेलेला मनोरा या वेळी हेलिकॉप्टरने प्रवास करून आला.

क्रेदारित्सा हा आज देशातला सगळ्यात उंचावरचा निवारा आहे. तिथे १९५४ पासून हवामान केंद्र चालतं. जवळच त्रिग्लावची हिमनदी होती. होती म्हणायचं कारण, १९४६ मध्ये ती साधारण १४ हेक्टर होती, आता एक हेक्टरही उरलेली नाही. आल्याझ यांनी निवारा बांधला तेव्हा आजूबाजूला दिसणारा तो बर्फ आजच्या गिर्यारोहकाला दिसत नाही.

दुसरी गोष्ट गर्दीची. उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवशी धारेवर रांग लागते. निवारे आणि वाटांमुळे डोंगर सगळ्यांचा झाला, पण सगळे एकदम आले तर डोंगराला झेपत नाही. सगळ्यांना वर येता यावं म्हणून आल्याझ यांनी आयुष्य घालवलं. आता किती जणांनी यावं, हा प्रश्न पुढच्या पिढीकडे आलाय.

आणि शेवटी एक नाणं. आल्याझ यांनी १८९४ साली त्रिग्लाववरच्या एका कवितेला चाल लावली होती. शब्द मातिया झेम्ल्यिच यांचे. ते गाणं इतकं गाजलं की अजूनही लोक गातात. २००७ मध्ये स्लोव्हेनियाने युरो चलन स्वीकारलं, तेव्हा तिथल्या ५० सेंटच्या नाण्यावर त्रिग्लावचं चित्र आलं. आणि चित्रासोबत कोरलं गेलं त्याच गाण्याचं नाव.

एक नाणं देऊन त्यांनी डोंगराचं टोक घेतलं, असं सांगतात. आज त्या देशात दुकानात सुटे पैसे मागितले, तर तो डोंगर आणि त्यांचं गाणं तुमच्या हातात येतं.